तिसऱ्या हाकेपर्यंत

शाळेचा ईमेल देविकाने मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा सुप्रभाबाई गवार मोडत होत्या. मोठ्याने म्हणजे खरंच मोठ्याने. गेल्या दीड वर्षापासून त्या घरात त्यांच्याशी सगळेच तसं बोलायचे, रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं.

"आई, ऐकतेस ना? मिस कार्टर म्हणते, तनू रजिस्टरला आन्सरच करत नाही. फर्स्ट टाइम नाव घेतला की नुसती बघत बसते. सेकंड टाइमला पण तेच. शी थिंक्स इट कुड बी हिअरिंग."

सुप्रभाबाईंच्या हातातली शेंग अर्धी मोडून तशीच राहिली.

"आणि तिसऱ्यांदा?"

"काय तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नाव घेतल्यावर देते का उत्तर?"

देविकाने फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "हो. थर्ड टाइम देते म्हणते. व्हाय?"

"काही नाही. सहज."

सहज वगैरे काही नव्हतं. आपल्या सहा वर्षांच्या नातीचे कान ठणठणीत आहेत हे सुप्रभाबाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि ती तिसऱ्या हाकेपर्यंत का थांबते हेही. पण ते सांगायला तोंड उघडलं, तर त्याच्या मागोमाग दुसरी एक गोष्ट बाहेर आली असती. म्हणून त्यांनी ती शेंग मोडली आणि पुढची घेतली.

सुप्रभाबाईंच्या आजोळची रीत अशी की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. कोणी तिसऱ्यांदा हाक मारली, तरच. का, तर हाकामारी नावाची एक बया दारोदार फिरते, ओळखीच्या आवाजात घरातल्या माणसाचं नाव घेते आणि आतून ओ आली की घरातलं एक माणूस घेऊन जाते. तिला बिचारीला एका दाराशी दोनदाच हाक मारता येते, म्हणून थांबायचं. हे सांगितलं पणजीने. पणजी तेव्हा ऐंशीला टेकलेली, तोंडात एक दात नाही, पण गोष्ट सांगताना असा आवाज लावायची की पोरं एकमेकांच्या अंगावर सरकायची. "एक सून होती," ती सांगायची. "तिने पहिल्या हाकेला ओ दिली आणि बयेने तिची सासू नेली. अंगावरचं लुगडंसुद्धा परत आलं नाही." पुढे त्या सुनेचं काय झालं, हे कुणी कितीही विचारलं तरी सांगायची नाही.

या सुप्रभाबाई पुढे मायक्रोबायॉलॉजी शिकल्या, लग्न करून बर्मिंगहॅमला आल्या आणि तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं जंतू बघत बसल्या. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर त्या मांजरालाच बाजूला व्हायला सांगत. पण हाकेचं तेवढं सुटलं नाही. पहिल्या हाकेला जीभ उचलतच नसे. लॅबमधल्या लोकांना वाटायचं, डॉक्टरची बायको आहे, शिष्ट असेल.

डॉक्टर म्हणजे गिरीश. ते भूलतज्ज्ञ होते. लोकांना झोपवणं हा त्यांचा धंदा आणि जुन्या गोष्टी उकरणं हा छंद. लग्नानंतरचे पहिले काही महिने त्यांना वाटलं, बायको रुसली आहे. मग खरं कारण कळल्यावर ते पोट धरून हसले आणि त्यावर त्यांनी स्वतःचा तोडगा काढला. ते एका दमात तीनदा हाक मारायचे. "अगं अगं अगं!" की सुप्रभाबाईंची "ओ!" ठरलेली. चाळीस वर्षं हे चाललं. शेजारच्या मार्गारेटची तर समजूत होती की सुप्रभाबाईंचं नावच अगंअगंअगं आहे, आणि ती ख्रिसमसच्या कार्डावर तसं लिहायचीही. देविका त्याच घरात वाढली, पण ती ही बाबांची खोड समजायची. स्वतः तिला कधी अडचण आली नाही. लहान मुलं तशीही आईला एकदा हाक मारून थांबत नाहीत.

हाकामारीचा माग गिरीशनीच काढला. निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी पुण्याला कमलाकरमामांना फोन लावत. मामा सुप्रभाबाईंचे, पण गप्पा याच दोघांच्या. मामा नव्वदीचे, आदल्या दिवशीचं जेवण आठवायचं नाही पण लहानपणी घरातल्या थोरांकडून ऐकलेलं सगळं पाठ. एका रविवारी फोन ठेवून गिरीश किचनमध्ये आले.

"तुमची हाकामारी खाकी कपड्यांत यायची," ते म्हणाले.

अठराशे सत्त्याण्णव साल. पुण्यात प्लेग. गोरे सोल्जर घरोघर शिरून आजारी माणसं शोधायचे आणि इस्पितळात न्यायचे. गेलेलं माणूस परत यायचंच असं नाही. मामांचं म्हणणं, त्यांच्या बोळात पथकाबरोबर घरं दाखवायला गावातलाच एक जण असे, आणि तो दाराशी उभा राहून नाव घेऊन हाक मारायचा. आवाज ओळखीचा, त्यामुळे आतलं माणूस फसायचं. ओ आली की पथक आत. ओ आली नाही तर ते आधी पुढच्या दाराला जायचे आणि परतताना दार फोडायचे. तेवढ्या अवधीत आजारी माणूस मागच्या भिंतीवरून तपासून झालेल्या घरात सरकवता यायचा. म्हणून बोळातल्या लोकांनी आपसात ठरवून टाकलं, आपला माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. पुढे प्लेग गेला, सोल्जर गेले, ठरलेलं तेवढं राहिलं. कारण विसरलं तेव्हा लोकांनी त्याला एक बया चिकटवून दिली.

"आणि ती सून?" सुप्रभाबाईंनी विचारलं होतं.

"तुझी पणजी. बारा वर्षांची होती. नुकतीच सासरी आलेली, तिला हे तीन हाकांचं कोणी सांगितलंच नव्हतं. सासऱ्यांच्या नावाने हाक आली, घरात पुरुषमाणूस नाही, सासू आत तापाने फणफणलेली. पोरीला माहेरी शिकवलेलं, कोणी हाक मारली की लगेच ओ द्यावी. दिली."

सुप्रभाबाई त्या दिवशी पणजीसाठी खूप रडल्या. उभा जन्म त्या बाईने आपलीच गोष्ट कुठल्याशा सुनेच्या नावावर सांगितली होती. एवढं कळल्यावर तरी ती रीत मोडायला हवी होती. गिरीशनी विचारलंही, "मग आता एका हाकेत भागेल का?"

"छे! तुम्ही आपले तीनदाच मारा," त्या म्हणाल्या. "आपला माणूस आहे हे कळायला नको?"

हे त्यांनी गमतीत म्हटलं होतं.

मग तो मार्चमधला शनिवार आला. तनूचा वाढदिवस रविवारी, म्हणून दुपारी रीडिंगला निघायचं होतं. सकाळी अकराचा सुमार. गिरीश वरच्या मजल्यावर बॅग भरत होते. सुप्रभाबाई खाली किचनमध्ये थालीपीठ थापत होत्या, दोन्ही हात भाजणीत. वरून हाक आली.

"अगं."

एकच. सुप्रभाबाईंनी थालीपिठाला मधे भोक पाडलं, तेल सोडलं आणि राहिलेल्या दोन हाकांची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. आज दोन हाका कुठे सांडल्या, असं मनाशी म्हणत त्यांनी झाकण ठेवलं. सकाळी स्वेटर किती घ्यायचे यावरून थोडी वादावादी झाली होती. फुगले असतील, येतील आपोआप, असंही वाटून गेलं. पहिलं थालीपीठ उतरलं. दुसरं लावलं, तेही उतरलं. बशीत लोण्याचा गोळा घालून त्या वर गेल्या, तेव्हा गिरीश बेडरूमच्या दारात पडले होते आणि त्यांचा एक हात जिन्याकडे होता. किचनपासून तेरा पायऱ्या. हाकेच्या अंतरावर म्हणतात, ते हेच.

अँब्युलन्समधल्या मुलीने हळुवारपणे विचारलं, त्यांनी हाक मारली होती का. ती वेळ लिहून घेत होती, बाकी तिच्या मनात काही नव्हतं.

"नो," सुप्रभाबाई म्हणाल्या. "आय डिडन्ट हिअर."

दोन तासांनी देविका रीडिंगहून धावत आली. तिनेही तेच विचारलं. "आई, बाबा हाक मारला नाही का?"

"मला ऐकू आलं नाही गं."

कानावर हात ठेवणं म्हणतात ते असं. आणि एक खोटं लपवायला दहा खोटी बोलावी लागतात, तशी ती रांग लागली. देविका आईला रीडिंगला घेऊन आली आणि पहिल्या महिन्यातच कान तपासायला घेऊन गेली. कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. सुप्रभाबाईंना बारीकातला बारीक टुंग ऐकू येत होता. त्या बटणावर अंगठा ठेवून नुसत्या बसून राहिल्या. त्यांना दोन यंत्रं मिळाली, दोन कानांमागे एकेक. चांगल्या कानांत यंत्र घातल्यावर काय होतं ते घातलेल्यालाच कळेल. चमचा पडला की कपाळात घण बसायचा. कुणी चिप्सचं पाकीट उघडलं की त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. त्यांनी तक्रार केली नाही. मला हीच शिक्षा पाहिजे, असं त्यांचं मत झालं होतं.

पण खरी शिक्षा दुसरीच निघाली. एका संध्याकाळी देविका भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी तुझा कान आधीच चेक करायला पाहिजे होता, आई. लास्ट क्रिसमसला मला वाटला होता की तुला कमी ऐकू येतंय, तू लगेच आन्सर करत नव्हतीस. बट आय वॉज बिझी. बाबा तिथे किती वेळा हाक मारला असेल." आणि ती सिंककडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा सांगायला हवं होतं. सुप्रभाबाईंचे ओठ हललेही. पण पोरीचा बाप तर गेलाच होता. आता आईही गेली तर, ही भीती मोठी ठरली. त्यांनी यंत्र नीट बसवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "काय म्हणालीस?"

फक्त तनूसमोर त्या यंत्रं काढत. शाळेतून आणल्यावर आईबाबा ऑफिसातून येईपर्यंतचे दोन तास त्या दोघींचे. यंत्रं चष्म्याच्या डबीत जायची आणि मग खेळ सुरू, काय काय ऐकू येतं ते सांगायचा. शेजारची किटली. लांबून जाणारी ट्रेन. तनूच्या पोटातली गुरगुर. "आपलं सीक्रेट," तनू म्हणायची. तिनेच एकदा विचारलं, आजी, तू थर्ड टाइमलाच का ओ देते? आता काय सांगणार? सुप्रभाबाईंनी पणजीची गोष्ट सांगितली. एक सून होती, इथपासून. सोल्जर, प्लेग, बोळ काही नाही, नुसती बया. मुलीचे डोळे एवढे मोठे झाले. दुसऱ्या दिवसापासून तिने रजिस्टरला थांबायला सुरुवात केली असणार.

हॉस्पिटलची अपॉइंटमेंट ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी मिळाली. गंधारची, म्हणजे जावयाची, लंडनला मीटिंग होती. "आई, तुम्ही जाल ना देविकाबरोबर?" तो ट्रेनला निघताना म्हणाला. "ती फार टेन्शनमध्ये आहे. तुम्हाला त्या टेस्टचा एक्स्पीरियन्स आहे, तनूला जरा धीर येईल." सुप्रभाबाई हो म्हणाल्या. अनुभव तर होताच.

तपासणारी बाई ग्लासगोची होती, फिओना नावाची, बोलायला गोड. तिने तनूसमोर भोकांची एक पाटी आणि रंगीत खुंट्यांचा डबा ठेवला. आवाज आला की एक खुंटी लावायची, इतकं सोपं. हेडफोन तनूच्या डोक्याला मोठेच होत होते. देविका आणि सुप्रभाबाई कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसल्या. आवाज त्यांना ऐकू येणार नव्हता, पण फिओनाचं बोट बटणावर दाबलं जाताना दिसत होतं.

बोट दाबलं. तनू गप्प. पुन्हा दाबलं. तनू गप्प. तिसऱ्यांदा दाबलं आणि तनूने लाल खुंटी लावली.

देविकाने आईचा हात धरला. फिओनाने आवाज वाढवला, कमी केला, कान बदलला. दर वेळी तेच. सुप्रभाबाई नातीच्या ओठांकडे बघत होत्या. ओठ मोजत होते. एक. दोन. तीन, की खुंटी. काय शहाण्यासारखी बसली होती ती, आजीने सांगितलेलं सगळं तंतोतंत पाळत.

मग फिओनाने एक बारीक नळी तनूच्या कानात घालून आणखी एक तपासणी केली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. कान चांगले दिसताहेत, ती म्हणाली, पण मग मुलगी उत्तर का देत नाही हे कळत नाही. आवाज आत पोचल्यावर मेंदू तो कसा घेतो, हे पाहावं लागेल. पुढे पाठवू. थोडे महिने लागतील. घरात कुणाला असा त्रास आहे का?

"माय मम," देविका म्हणाली. "क्वाइट बॅड. माय डॅड कॉल्ड फॉर हर अँड..." ती आईकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मला भीती वाटतो, आई. हिला पण कोणी हाक मारली आणि हिने..."

गप्प राहणं सोपं होतं. दीड वर्षाची सवय होती. पण त्या खुर्चीत बसून सुप्रभाबाईंना एकदम दिसलं की पणजीपासून ही एक ओ घरात फिरते आहे आणि आता ती या पोरीच्या जिभेवर येऊन बसली आहे. त्या उठल्या. तनूच्या समोर गुडघ्यांवर बसल्या, हेडफोनचा एक कान बाजूला केला.

"तनू, या पेटीत बया नाहीये. पहिल्या आवाजालाच खुंटी लावायची."

"पण आजी, तू म्हणाली..."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

तनूने आजीकडे जरा संशयाने पाहिलं. मग खुंट्या भराभर लागल्या. पाटी भरली. फिओना खुर्चीत मागे रेलून हसायला लागली आणि म्हणाली, हे काय होतं ते मला सांगितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. सुप्रभाबाईंनी इंग्रजीत हाकामारी सांगितली. देविकाही हसली, डोळे पुसत हसली. "ओ माय गॉड, आई! अगंअगंअगं! म्हणजे बाबा म्हणून तीन वेळा..."

"आजी पण तसाच करते," तनू खुंट्या काढता काढता म्हणाली. "आजीला सगळा ऐकू येतो, मम्मा. मशीन काढली ना, की तिला माझ्या टमीतला आवाज पण ऐकू येतो. इट्स अ सीक्रेट."

देविकाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं आतून विझलं. तिने फिओनाचे आभार मानले, कागद घेतला, तनूला कोट घातला, त्याची चेन लावली. लिफ्टमध्ये ती वर बदलणाऱ्या आकड्यांकडे बघत राहिली.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली नाही. तनू मागे खिडकीच्या काचेवर वाफ सोडून चित्रं काढत होती.

"बाबा हाक मारला होता," देविका म्हणाली. हळू आवाजात. दीड वर्षांत पहिल्यांदा ती आईशी साध्या आवाजात बोलली होती.

"मारली होती."

"किती वेळा?"

"एकदाच."

"आणि तुला ऐकू आला."

"आलं."

"मग हाऊ लाँग? तू किती वेळ थांबलीस?"

घड्याळ कोणी पाहिलं होतं? सुप्रभाबाईंनी जे माहीत होतं ते सांगितलं. "दोन थालीपिठं झाली."

देविकाने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. "मला वाटला माझ्यामुळे," ती म्हणाली. "रोज. मी तुझा टेस्ट केला नाही म्हणून बाबा गेला, असं रोज वाटला. तू बघत होतीस. यू लेट मी." मग तिने गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत एकटी तनू बोलत होती.

घरात शिरताच देविका वर गेली. सुप्रभाबाईंनी किचनमध्ये यंत्रं काढून डबीत ठेवली. आता ती घालण्यात काही अर्थ नव्हता. जेमतेम साडेचार वाजत होते. तनू टेबलावर रंगवत बसली. फ्रिजची घरघर, कागदावर खडूची खसखस, बाहेर कुणीतरी कचऱ्याचा बिन ओढत नेत होतं, सगळं आपापल्या जागी आणि आपापल्या आवाजात ऐकू येत होतं. वरून काहीच येत नव्हतं. उद्या बॅग भरायला लागली तर जायचं कुठे, बर्मिंगहॅमचं घर तर विकलं, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. मग तो विचार आल्याची लाज वाटली.

"आई."

एकच हाक, वरून. मोठ्याने नाही, कुणी दमलेल्या माणसाने मारावी तशी. सुप्रभाबाईंची जीभ जागची हलेना. साठ वर्षांची सवय, ती आपोआप एक मोजून दोनची वाट पाहू लागली. आणि मग त्या अशा उठल्या की खुर्ची मागे आपटली.

"ओ! आले! आले गं, आले!"

इंग्लंडातल्या कितीतरी घरांना तेराच पायऱ्या असतात. या घरालाही तेराच होत्या. गुडघे ओरडत होते, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टाकत त्या चढल्या. देविका बेडरूमच्या दारात कार्पेटवर बसली होती. तिच्या हातात फोन होता आणि त्यावर आकडे थांबलेले होते.

"मी बघत होते," ती म्हणाली, "इथून किचनमध्ये ऐकू येतो का. बाबा जसा मारला असेल तसा मारला. हळू."

"ऐकू येतं," सुप्रभाबाई धापा टाकत म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं."

देविकाने फोन त्यांच्याकडे वळवला. "ट्वेंटी-सिक्स सेकंड्स." आणि तिचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला.

सुप्रभाबाई कशाबशा खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले होते की हृदयविकाराचा झटका फार मोठा होता, कोणी शेजारी असतं तरी वाचले असते असं सांगता आलं नसतं. हे वाक्य त्यांनी दीड वर्ष उशाशी ठेवलं होतं, पण त्यावर एकदाही झोप लागली नव्हती.

"वाचले असते की नाही मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण एकटे गेले नसते. माझा हात असता हातात. चाळीस वर्षं माझ्यासाठी तीनदा हाक मारली त्यांनी, आणि शेवटी एकीपुरताच श्वास होता तर मी दोनची वाट बघत बसले. पणजीने ओ दिली म्हणून माणूस गेलं. मी दिली नाही म्हणून ते तसे गेले. मला माफ कर असं म्हणत नाही मी. तुझी काही चूक नव्हती, एवढंच आधी सांगायला पाहिजे होतं."

देविकाने आईकडे पाहिलं नाही. हातही धरला नाही. दोघी एकाच दाराच्या दोन बाजूंना टेकून बराच वेळ रडल्या. खाली खडूचा आवाज थांबला आणि बारीक पावलं जिना चढून आली. शेवटच्या पायरीवर तनू उभी राहिली, बोटं जांभळी झालेली.

"आजी, ती बया येणार आहे का?"

सुप्रभाबाईंनी देविकाकडे पाहिलं.

"तिला तू सांग," देविका बाहीने नाक पुसत म्हणाली. "पण खरी गोष्ट सांग, आई. बया नको."

तनू येऊन दोघींच्या मधे बसली. सुप्रभाबाईंनी सवयीने सुरुवात केली, "एक सून होती..." आणि त्या थांबल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी होते. मी खाली किचनमध्ये थालीपीठ लावत होते, आणि आजोबांनी मला हाक मारली."